मागून घेतलेली गाणी

1 एप्रिल 2008 रोजी ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकी बँडच्या निवडक गाण्यांचा दोन सीडींचा संच बाजारात आला. अशा संचाला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणायची रेकॉर्ड कंपन्यांची जुनी रीत. या मंडळींनी ते नाव एकवचनी केलं, ‘ग्रेटेस्ट हिट’, आणि त्याला शेपूट जोडलं: शिवाय आणखी एकवीस बऱ्यापैकी गाणी. थट्टाच होती, पण हिशेब चोख होता. रेडिओ आणि एमटीव्हीवर खऱ्या अर्थानं गाजलेलं त्यांचं गाणं एकच, 1992 सालचं ‘पुल मी अंडर’. बाकीचा सगळा संसार चाहत्यांच्या जिवावर चालला.

हे चाहतेही जगावेगळे. ड्रीम थिएटरची आवडती दहा गाणी कोणती, असा विषय निघाला की रात्र सरते आणि यादी पुरी होत नाही. त्यातही एक गंमत आहे. ज्या गाण्यांवरून सर्वात जास्त भांडणं होतात, त्यातली बरीचशी गाणी श्रोत्यांनी अक्षरशः मागून घेतलेली आहेत. कुठे सह्यांची मोहीम झाली, कुठे सात वर्षं तगादा लावला गेला, कुठे वीस वर्षं वाट पाहिली गेली. बँड आणि श्रोते यांच्यात असा देण्याघेण्याचा व्यवहार होता तोवर हा बँड त्यांचा जीव की प्राण होता. तो व्यवहार बिघडला तेव्हा कुरबुर सुरू झाली. त्या गाण्यांच्या निमित्तानं ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ हा प्रकार ज्यांच्या कानावरून गेलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सत्तरच्या दशकात येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, रश अशा बँडनी रॉक गाण्याची तीन-चार मिनिटांची चौकट मोडली. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापू लागलं, त्यात कथा आली, लय मध्येच कूस बदलू लागली. ऐंशीच्या दशकात आयर्न मेडन आणि मेटॅलिका यांनी गिटारचा आवाज जड आणि वेगवान केला. या दोन्ही घराण्यांची तालीम घेतलेला प्रकार म्हणजे प्रोग्रेसिव्ह मेटल. क्वीन्सराइक आणि फेट्स वॉर्निंग हे बँड या वाटेनं आधीच निघाले होते, पण आज या प्रकाराचं नाव काढलं की पहिल्यांदा आठवतं ते ड्रीम थिएटरच.

सुरुवात 1985ची, बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातली. गिटारवादक जॉन पेट्रुची आणि बेसवादक जॉन म्यंग हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे बालमित्र. ड्रमर माईक पोर्टनॉयही त्याच बाजूचा, पण तिघांची गाठ पडली ती बर्कलीत. रशच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी रांगेत उभे असताना त्याच बँडचं ‘बॅस्टिल डे’ वाजत होतं. त्याचा शेवट ऐकून पोर्टनॉयच्या तोंडून दाद गेली, काय ‘मॅजेस्टिक’ आहे! बँडचं नाव ठरलं ‘मॅजेस्टी’. पुढे त्याच नावाच्या दुसऱ्या एका बँडनं हरकत घेतली, तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या एका लहानशा सिनेमागृहाचं नाव सुचवलं. ते ड्रीम थिएटर. जुनं नाव मात्र पहिल्या अल्बममधल्या एका वाद्यसंगीताच्या तुकड्यात उलटं लिहून जपलं गेलं: ‘द यत्से जॅम’. चाहत्यांना कोडी घालायची सवय यांना पहिल्यापासूनच होती.

पहिला अल्बम 1989मध्ये आला आणि फारसं कोणाच्या लक्षात न येता गेला. गायक चार्ली डोमिनिसी बाहेर पडला. मग नव्या गायकाचा शोध जो लांबला तो 1991पर्यंत. शेवटी कॅनडाहून जेम्स लाब्रीची टेप आली आणि तो शोध थांबला. 7 जुलै 1992 रोजी ‘इमेजेस अँड वर्ड्स’ प्रसिद्ध झाला.

काळ अगदी चुकीचा होता. ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ येऊन वर्षही झालेलं नव्हतं. सिएटलच्या बँडनी तीन सूर आणि फाटका शर्ट एवढ्या भांडवलावर रॉकची दुनिया उलटीपालटी केली होती, आणि वाद्यावरची हुकमत हा गुणाऐवजी अवगुण ठरू लागला होता. अशा वेळी आठ मिनिटं चौदा सेकंदांचं गाणं रेडिओवर चालेल असं कोणी पैजेवरही म्हटलं नसतं. ते चाललं. ‘पुल मी अंडर’ बिलबोर्डच्या मेनस्ट्रीम रॉक यादीत दहाव्या स्थानापर्यंत चढलं. शब्द कीबोर्डवादक केविन मूरचे, आणि त्यांच्यामागे शेक्सपिअरचा हॅम्लेट उभा आहे: बापाच्या मृत्यूनं आणि सूडाच्या ओझ्यानं खाली खेचला जाणारा तरुण. शेवट तर धक्काच आहे. गाणं ऐन भरात असताना टेप कापल्यासारखं बंद पडतं. तेव्हा अनेकांना आपली कॅसेट बिघडली असं वाटलं असेल. खरं तर हॅम्लेटच्या गोष्टीला याहून चपखल शेवट सुचणं कठीण.

गंमत अशी की जुन्या चाहत्याच्या यादीत हे गाणं क्वचितच वरच्या पाचांत येतं. ते सगळ्यांचं गाणं, म्हणून आपलं नाही, असा हा खाक्या. त्याऐवजी त्याच अल्बममधलं ‘लर्निंग टू लिव्ह’ पुढे केलं जातं. साडेअकरा मिनिटांचं हे गाणं अबोल म्हणून प्रसिद्ध असलेल्या म्यंगनं लिहिलं आहे, आणि विषय आहे एड्सच्या सावलीत जगण्याचा. 1992मध्ये मेटल बँडनं या विषयाला इतक्या मृदूपणे हात घालावा हे विशेषच. मध्यभागी लाब्री एक सूर असा काही वर नेतो की पुढची तीस वर्षं त्याला दर कार्यक्रमात त्या सुराचा जाब द्यावा लागला.

‘अनदर डे’चं कूळ वेगळं. पेट्रुचीच्या वडिलांना कर्करोग झाला होता, त्यातून आलेलं हे संथ गाणं. त्यात सोप्रानो सॅक्सोफोन वाजतो, तो स्पायरो जायरा या जॅझ बँडच्या जे बेकनस्टाइनचा. अल्बमचं ध्वनिमुद्रण ज्या बेअरट्रॅक्स स्टुडिओत झालं तो त्याच्याच मालकीचा. मेटलच्या कट्टर श्रोत्यांनी सॅक्सोफोनवर नाकं मुरडली. पण गाण्यातली कळ त्या वाद्यामुळेच बाहेर येते. गिटारनं ती इतकी उघडी पडली नसती.

आता थट्टेतून जन्मलेल्या गाण्याकडे. याच अल्बममध्ये ‘मेट्रोपोलिस, भाग पहिला’ नावाचं साडेनऊ मिनिटांचं गाणं आहे. ‘भाग पहिला’ हे पेट्रुचीनं गमतीनं जोडलेलं शेपूट. दुसरा भाग डोक्यात नव्हता, कथानक नव्हतं, काहीच नव्हतं. श्रोत्यांनी मात्र ती थट्टा वचन म्हणून घेतली. दुसरा भाग कुठे आहे, असा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक गावी विचारला जाऊ लागला. फर्माईश हा प्रकार आपल्याकडे बैठकीत आणि रंगभूमीवर मुरलेला आहे. बालगंधर्वांच्या काळातला प्रेक्षक आवडतं पद पुन्हा गाऊन घेतल्याशिवाय नाटक पुढे सरकू देत नसे. इथे मात्र लिहिलंच न गेलेलं गाणं मागितलं जात होतं.

दरम्यान चाहत्यांनी दुसरं एक गाणं पदरात पाडून घेतलं होतं.

पोर्टनॉय किशोरवयात असताना त्याची आई विमान अपघातात गेली. त्या आघाताभोवती बँडनं 1989च्या सुमारास एक दीर्घ रचना उभी केली, ‘अ चेंज ऑफ सीझन्स’. ती ‘इमेजेस अँड वर्ड्स’मध्ये यायची, पण लांबीपायी बाहेर राहिली. कार्यक्रमांत ती अधूनमधून वाजायची, आणि श्रोत्यांनी गुपचूप टिपलेल्या कॅसेट हातोहात फिरायच्या. शेवटी चाहत्यांनी रेकॉर्ड कंपनीकडे रीतसर मागणी नेली, सह्या गोळा केल्या, की ही रचना नीट ध्वनिमुद्रित करा. कंपनी नमली. सप्टेंबर 1995मध्ये 23 मिनिटं 6 सेकंदांचं हे गाणं आलं. सात भाग, पहाटेच्या तांबड्यापासून संध्याकाळच्या तांबड्यापर्यंत. मध्ये ‘डेड पोएट्स सोसायटी’ चित्रपटातले संवाद येतात, आजचा दिवस मुठीत धरा असं सांगणारे. त्यानंतरचा हिवाळ्याचा भाग ऐकताना तो उपदेश किती पोकळ ठरू शकतो हेही कळतं. तेवीस मिनिटं म्हटल्यावर पॉपच्या श्रोत्याला घाम फुटतो. सवाई गंधर्व महोत्सवात मांडी घालून विलंबित ख्याल ऐकणाऱ्या पुणेकराला त्याचं काय! रचना हळूहळू उलगडू द्यायची, मधल्या जागा साठवत जायचं आणि शेवटी आरंभीचा सूर परतला की मान डोलवायची, एवढंच करायचं असतं.

बँडच्या सगळ्या दीर्घ रचनांत पहिला मान कोणाला द्यायचा यावर वाद आहे. पण ज्याला एकच दीर्घ गाणं ऐकायला वेळ आहे त्यानं हे ऐकावं. यातल्या करामतीला कारण आहे. ड्रमवरचा राग खराखुरा वाटतो, आणि शेवटी मुलाच्या जागी बाप येतो तेव्हा ऋतुचक्राची कल्पना शाळकरी राहत नाही.

1997चा ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ हा त्या व्यवहारातला पहिला बेबनाव. कंपनीला पुन्हा एक ‘पुल मी अंडर’ हवं होतं. बँडला दोन सीडींचा अल्बम काढायचा होता, तो नाकारला गेला. वीसेक मिनिटांचा ‘मेट्रोपोलिस, भाग दुसरा’ तयार करून दिला होता, तोही बाजूला पडला. उलट बॉन जोव्ही आणि एरोस्मिथसाठी हिट गाणी लिहिणाऱ्या डेस्मंड चाइल्डला एका गाण्याची डागडुजी करायला बसवलं गेलं. ‘यू नॉट मी’ असं त्या गाण्याचं नाव. इतकं समर्पक नाव त्या अल्बममध्ये दुसरं नाही. पोर्टनॉय इतका वैतागला की बँड सोडायच्या गोष्टी करू लागला. अखेर ठरलं की पुढचा अल्बम बँडच्या मर्जीनं होईल, कंपनी लुडबुड करणार नाही.

त्या मोकळीकीत 26 ऑक्टोबर 1999 रोजी ‘मेट्रोपोलिस, भाग दुसरा: सीन्स फ्रॉम अ मेमरी’ आला. मागितलं होतं एक गाणं, मिळाला अख्खा अल्बम. जॉर्डन रूडेस हा कीबोर्डवादक याच वेळी दाखल झाला. नऊ वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड संस्थेत शिकायला गेलेला, पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेला हा माणूस. कथा अशी: निकोलस नावाच्या तरुणाला स्वप्नात एक मुलगी दिसते. संमोहनतज्ज्ञाच्या मदतीनं तो मागे मागे जातो आणि त्याला कळतं की ती व्हिक्टोरिया, 1928मध्ये तिचा खून झाला, आणि मागच्या जन्मी आपणच ती होतो. दोघे भाऊ, एक प्रेयसी, खोटी चिठ्ठी, आणि शेवटी भलत्याच माणसावर येऊन थांबणारा संशय. अमेरिकी श्रोत्यांना ही कथा गुंतागुंतीची वाटली. ‘मधुमती’ आणि ‘कर्ज’ पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला ती पहिल्याच ऐकण्यात समजते, आणि संमोहनतज्ज्ञावर तो जरा लवकरच संशय घेतो!

या अल्बममधली दोन गाणी एकमेकांच्या दोन टोकांना उभी आहेत, आणि चाहत्याच्या यादीत दोन्ही असतात. एक ‘द डान्स ऑफ इटर्निटी’. सहा मिनिटांची शब्दांविना रचना, आणि तेवढ्यात तालाची मोजणी शंभराहून अधिक वेळा बदलते. नेमकी किती वेळा, यावर संगीताचे विद्यार्थी आजही वाद घालतात. आपल्या कानाला विषम विभागणीचे ताल नवे नाहीत. रूपकाच्या सात मात्रा, झपतालाच्या दहा मात्रा आपण सहज मोजतो. पण तिथे आवर्तन ठरलेलं असतं. गायक कितीही भटकला तरी सम ठरल्या जागी भेटते. इथे आवर्तनच दर काही क्षणांनी लहानमोठं होतं. सात मात्रा मनाशी धराव्यात तोवर पाच होतात, मग सहा, आणि मध्येच जुन्या मूकपटांच्या काळातला रॅगटाइम पियानो येऊन चिडवून जातो. वाजवणारे चारही जण एकाच श्वासात वळतात. नुसती कसरत म्हणून हे नाकारणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तरी कथेत ही रचना जिथे येते तिथे निकोलसचं डोकं दोन जन्मांत भोवंडलेलं आहे, आणि ऐकणाऱ्याचंही तेच होतं.

दुसरं ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’. सोपं, संथ, चर्चमधल्या समूहगानासारखं चढत जाणारं. देह गेला तरी पुढे काहीतरी उरतं, एवढाच आशय. ज्या बँडला यंत्रवत म्हणून हिणवलं गेलं, त्याच्या कार्यक्रमात हजारो लोक एकत्र गातात ते हे गाणं. 2012 साली ‘रोलिंग स्टोन’नं वाचकांना आवडते प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम निवडायला सांगितलं, तेव्हा पिंक फ्लॉइड, येस, रश या बापमाणसांना मागे टाकून हाच अल्बम पहिला आला. ज्यांनी तो मागून घेतला होता त्यांनीच मतंही दिली असणार, यात शंका घ्यायला फार जागा नाही.

याच अल्बमच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं ते 11 सप्टेंबर 2001 रोजी. मुखपृष्ठावर ज्वाळांनी वेढलेलं सफरचंद आणि त्या ज्वाळांत जुळ्या मनोऱ्यांसह न्यूयॉर्क. प्रती तातडीनं परत मागवाव्या लागल्या.

पुढची काही वर्षं बँड आणि चाहते यांच्यातल्या लपंडावाची. ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ रेकॉर्डवरच्या खरखरीनं संपतो, आणि 2002चा ‘सिक्स डिग्रीज ऑफ इनर टर्ब्युलन्स’ त्याच खरखरीनं सुरू होतो. तो ज्या सुरावर संपतो तिथून 2003चा ‘ट्रेन ऑफ थॉट’. त्याच्या अखेरच्या पियानोच्या सुरातून 2005चा ‘ऑक्टेव्हेरियम’. आठवा अल्बम, आठ गाणी, शीर्षकगीत बरोबर चोवीस मिनिटांचं, आणि शेवट फिरून आरंभाच्या सुरावर. सप्तक पूर्ण. असली कोडी सोडवण्यात कॉलेजातल्या मुलांच्या रात्री गेल्या. ‘सिक्स डिग्रीज’चं शीर्षकगीत तर 42 मिनिटांचं आहे: मनोविकारांशी झुंजणाऱ्या सहा माणसांची सहा चित्रं. त्यात युद्धावरून परतलेला सैनिक आहे, बाळंतपणानंतरच्या नैराश्यात बुडालेली आई आहे, स्वमग्न मुलगा आहे. सहाही चित्रं सारखी उतरलेली नाहीत. आईचं ‘गुडनाइट किस’ मात्र अंगावर येतं.

या काळातला चाहत्यांचा सर्वात मोठा ठेवा मात्र एका गाण्यात मावत नाही. पोर्टनॉय दारूच्या व्यसनातून बाहेर पडला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या त्यानं पाच गाण्यांत विभागल्या आणि ती पाच गाणी लागोपाठच्या पाच अल्बममध्ये पेरली. 2002मध्ये ‘द ग्लास प्रिझन’, मग ‘धिस डाइंग सोल’, ‘द रूट ऑफ ऑल इव्हिल’, ‘रिपेंटन्स’, आणि 2009मध्ये ‘द शॅटर्ड फोर्ट्रेस’. पहिल्या गाण्यातली गिटारची धून पाचव्यात परत येते, ओळखीची पण थकलेली. ही पाचही गाणी एका रात्री सलग वाजवू, असं पोर्टनॉयनं सांगून ठेवलं होतं. चाहते दिवस मोजू लागले.

वचन देणं आणि पाळणं हे पोर्टनॉयचंच खातं होतं. कोणत्या गावात मागच्या खेपेला काय वाजवलं याची टिपणं काढून तो दर रात्रीची यादी नव्यानं करायचा, म्हणजे दुसऱ्यांदा येणाऱ्याला तेच ऐकावं लागू नये. कधी दुसऱ्याच बँडचा अख्खा अल्बम वाजवून लोकांना चकित करायचं. 2002मध्ये मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ असा वाजला, 2005मध्ये पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’. श्रोत्यांनी चोरून केलेली ध्वनिमुद्रणं थांबवता येत नाहीत म्हटल्यावर बँडनं स्वतःच जुन्या टेप आणि रियाजाची मुद्रणं अधिकृतपणे विकायला काढली. चाहत्याला वाटायचं, या बँडमध्ये आपलाही एक माणूस बसलेला आहे.

8 सप्टेंबर 2010 रोजी तो माणूस उठून गेला. दोन दशकं न थांबता काम झालं होतं, आता थोडी विश्रांती घेऊ, असं त्याचं म्हणणं. बाकीच्यांना ते पटलं नाही. त्या वर्षी तो अव्हेंज्ड सेव्हनफोल्डच्या दिवंगत ड्रमरच्या जागी वाजवत होता. तिथलं काम संपल्यावर त्यानं परतायची इच्छा दाखवली, पण तोवर दार लागलेलं होतं. सात ड्रमरची चाचणी झाली, तिचा माहितीपट बनला, आणि निवड झाली माईक मॅन्जिनीची. तो बर्कलीचा अध्यापक, वेगाचे जागतिक विक्रम नावावर असलेला. हातानं तो पोर्टनॉयपेक्षा कणभर सरसच म्हणावा लागेल. पण चाहत्यांची तक्रार हाताबद्दल नव्हतीच.

बहुतेकांच्या आवडत्या गाण्यांच्या याद्या 2009मध्ये गोठल्या त्या तेव्हा. शेवटचं नाव लिहिलं गेलं ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’, पोर्टनॉयनं आपल्या वडिलांसाठी केलेलं, तेरा मिनिटांचं. त्याच्या अखेरीस पेट्रुचीची गिटार जे बोलते ते त्या अल्बममधल्या बाकीच्या वादनाच्या गर्दीत उठून दिसतं. बँडला नाव देणारा तो बाप जानेवारी 2009मध्ये गेला होता.

या गोठण्यात अन्याय आहे. मॅन्जिनीच्या काळात पाच अल्बम आले. 2011चं ‘ब्रेकिंग ऑल इल्युजन्स’ हे नव्वदच्या दशकातलं म्हणून कोणी ऐकवलं असतं, तर याच लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. बँडला पहिलं ग्रॅमीही याच काळात मिळालं, 2022 साली, ‘द एलियन’ या गाण्याला. पोर्टनॉयच्या पंचवीस वर्षांत ते कधी मिळालं नव्हतं. दुसरीकडे 2016चा ‘द ॲस्टॉनिशिंग’: दोन तासांहून मोठी संगीतिका, 34 तुकडे, राजे-राजपुत्र आणि संगीत यंत्रांच्या हाती गेलेलं राज्य. हे मात्र कोणी मागितलेलं नव्हतं. कष्ट प्रचंड, वाद्यवृंद भव्य, आणि दुसऱ्यांदा ऐकायला बसवणारं गाणं शोधावं लागतं.

जुनी देणी मात्र याच काळात फिटली, तीही निराळ्या वाटांनी. 1994च्या ‘अवेक’ अल्बमच्या शेवटी ‘स्पेस-डाय व्हेस्ट’ नावाचं गाणं आहे. प्रेमभंगाच्या दिवसांत कपड्यांच्या जाहिरात-पुस्तिकेतल्या एका मुलीच्या चित्रात केविन मूर गुंतला, त्यातून आलेलं. बहुतेक गाणं पियानो आणि पुटपुटलेला आवाज यांवर चालतं. ते मुद्रित करून मूर बँड सोडून गेला. तो जाणार हे आधी कळलं असतं तर ते गाणं अल्बममध्ये घेतलंच नसतं, असं पोर्टनॉयनं पुढे म्हटलं. कार्यक्रमात ते कधी वाजलं नाही. जितकं टाळलं गेलं तितकी मागणी वाढली. अखेर 2014मध्ये, अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून, ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं. 25 मार्चला बोस्टनच्या ऑपेरा हाउसमधल्या कार्यक्रमाचं मुद्रणही झालं, आणि त्या रात्री साथीला बर्कलीच्याच विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद होता.

बारा पायऱ्यांचं वचनही पाळलं गेलं, पण ड्रीम थिएटरकडून नाही. 2017मध्ये पन्नाशीत पदार्पण करताना पोर्टनॉयनं पाचही गाणी सलग वाजवली, ती इंग्लंडच्या ‘हेकन’ बँडमधल्या मुलांना हाताशी धरून. ही मुलं ड्रीम थिएटर ऐकतच मोठी झालेली. चाहत्यांचं देणं चाहत्यांनीच फेडलं म्हणायचं.

लाब्रीबद्दल दोन शब्द न लिहिणं बरं दिसणार नाही, कारण चाहत्यांच्या प्रेमातला सर्वात कठोर भाग त्याच्या वाट्याला आला. डिसेंबर 1994मध्ये क्युबात सुट्टीवर असताना विषबाधा झाली, उलट्यांच्या ताणानं त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलं. काही आठवड्यांतच तो दौऱ्यावर निघाला, कारण तारखा ठरल्या होत्या. त्यानंतर कितीतरी वर्षं तो अर्ध्या आवाजानिशी पूर्ण तीन तासांचे कार्यक्रम गात होता, आणि लोक ‘लर्निंग टू लिव्ह’मधला तो एक सूर लागतो का हे तपासायला कान लावून बसत होते. फर्माईश करणाऱ्यांनी गाणाऱ्याच्या गळ्याचाही विचार करावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पेट्रुचीच्या 2020च्या एकल अल्बमवर ड्रम वाजवले ते पोर्टनॉयनं, आणि तिथूनच दिलजमाई सुरू झाली होती. 25 ऑक्टोबर 2023 रोजी पोर्टनॉय परतल्याची घोषणा झाली. फेब्रुवारी 2025मध्ये झोपेच्या विकारांवरचा ‘पॅरासोम्निया’ आला. तो ऐकायला घेताना जुन्या चाहत्याला नव्या गाण्यांपेक्षा जुना आवाज परत आला का, याचीच उत्सुकता जास्त होती. आवाज आला. त्यातलं एकोणीस मिनिटांचं ‘द शॅडो मॅन इन्सिडेंट’ कोणाच्या यादीत शिरेल का, हे कळायला अजून अवकाश आहे.

पण त्याआधी, 20 ऑक्टोबर 2024 रोजी लंडनच्या ओटू सभागृहात चाळिसाव्या वर्षाचा दौरा सुरू झाला तेव्हा, एक मजेदार गोष्ट घडली. यादीत ‘बारस्टूल वॉरियर’ आणि ‘धिस इज द लाइफ’ ही दोन गाणी होती. दोन्ही पोर्टनॉय नसतानाच्या काळातली, 2019 आणि 2011 सालची. ज्यांनी ते अल्बम तेरा वर्षं हट्टानं कानाआड केले होते, त्यांच्यासमोर मॅन्जिनीनं बांधलेले ताल आता पोर्टनॉय वाजवत होता, आणि ही गाणी कोणीही त्याच्याकडे मागितलेली नव्हती.